उशीतली मेंदीची फुलं

आवडी गावच्या कारखान्यात फौजेचे गणवेश शिवले जात आणि शिवून झाले की अप्पाजींच्या टेबलावर येत. चौतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. सदरा उलटा करायचा, शिवणीवरून अंगठा फिरवायचा आणि टाका कुठे सुटलाय ते शोधायचं. चांगल्या सदऱ्याकडे दुसऱ्यांदा बघायची गरज नसते असं त्यांचं मत होतं, आणि बहुधा त्यामुळेच चांगल्या माणसांशीही ते फारसं बोलत नसत. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी अंगठ्याची खोड गेली नव्हती. भाजीची पिशवी, शेजाऱ्यांचा पडदा, सुनेच्या दोशाची कड, सगळ्यांवरून तो एकदा फिरून यायचा. सून सुष्मिता हे हसून सोडून द्यायची. तिला सकाळी सात-पाचची गाडी धरून एग्मोरच्या ऑफिसात पोचायचं असे. दोशाच्या कडेवर वाद घालायला तिच्याकडे वेळ कुठला?

म्हणून सात वर्षांची नात नित्या खोकायला लागली तेव्हा घरातल्या बाकीच्यांनी औषध आणलं, आणि अप्पाजींनी रजिस्टर आणलं.

सुरुवात मागच्या जुलैत झाली. आधी नुसत्या शिंका. सकाळी उठल्या उठल्या दहा-बारा ओळीनं. मग पोरीला तळहातानं नाक वर घासायची सवय लागली, इतकी की नाकाच्या शेंड्यावर एक आडवी रेघ उमटली. डोळे लाल, पापण्या सुजलेल्या. पावसाळा संपेपर्यंत खोकला छातीत उतरला, आणि झोपेत तिच्या श्वासाला बारीक शिट्टी यायला लागली. नाक्यावरच्या डॉक्टरांनी सर्दी म्हणून तीनदा औषध दिलं. तीनदा बरं वाटलं, तीनदा परत आलं.

अप्पाजींनी लांब वहीत कारखान्यासारखे रकाने आखले. तारीख, वारा, खाणं, शाळा, शिंका, खोकला, शिट्टी, शेरा. ज्या दिवशी खोकला नसेल त्या दिवशी त्या रकान्यात ते 'निल' लिहीत. हा कारखान्यातला शब्द, त्यांचा लाडका. नित्याला तो एवढा आवडला की शाळेत बाईंनी "गृहपाठ?" असं विचारल्यावर तिनं एकदा "निल" असं उत्तर दिलं, आणि घरी चिठ्ठी आली.

रजिस्टरातली एक गोष्ट मात्र अप्पाजींना मुळीच आवडत नव्हती. नित्या मैलापूरला आजोळी गेली की पानभर निल यायचं. तिसऱ्या दिवशी शिंका बंद, चौथ्या दिवशी शिट्टी बंद. परत आवडीला आली की आठवड्याच्या आत पुन्हा सगळं सुरू.

सुष्मिताच्या आई जयंतीबाई देवळाच्या टाकीजवळ राहत. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, त्यामुळे निष्कर्ष काढायला त्यांना वेळ लागत नसे. "आवडीची हवाच वाईट," त्या फोनवर म्हणाल्या. "ती फॅक्टरी, ती धूळ, त्या गाड्या. लेकरू इकडे ठेवा. कोपऱ्यावरच्या शाळेत मी बोलून ठेवलंय."

आवडीच्या हवेत अप्पाजींनी चौतीस वर्षं काढली होती, आणि त्यांची छाती अजून ठणठणीत होती. जयंतीबाईंचं बोलणं त्यांनी अंगावरच घेतलं. पण खरी गोष्ट अपमानाची नव्हती. खरी गोष्ट ही, की मैलापूरची शाळा जूनमध्ये उघडणार होती, आणि नित्या गेली की तिच्या मागोमाग सुष्मिता आणि मुलगा विजयेंद्र दोघंही जाणार होते. दोघांची ऑफिसं तिथून जवळ. विजयेंद्र म्हणाला, "अप्पा, तुम्हीपण चला की." त्यानं मनापासून म्हटलं, पण जयंतीबाईंच्या दोन खोल्यांत आपल्या वाटणीला हॉलमधला दिवाण येणार हे अप्पाजींना कळत होतं. आणि सकवारबाईचं हे घर कुलूप लावून जायचं? त्यापेक्षा ते इथे एकटे राहिले असते. एकटं राहायची त्यांना भीती वाटत होती. हे ते कुणाला सांगणार नव्हते, पण वाटत होती.

सकवारबाई त्यांची बायको. ती जाऊन सहा वर्षं झाली होती. नवीन घर बांधलं तेव्हा तंजावरहून तिनं मेंदीची एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली आणि मागच्या खोलीच्या खिडकीखाली लावली. इथली तमिळ माणसं मेंदीला मरुदाणी म्हणतात, आणि ही मंडळी मराठी असली तरी पिढ्यान् पिढ्या इथली असल्यानं मरुदाणीच म्हणत. त्या फांदीचं चांगलं पुरुषभर उंच झुडूप झालं. सणावाराला पाला वाटून बायकामुलींच्या तळहातावर मधोमध एक गोल टिकली आणि बोटांच्या टोकांना टोप्या, एवढीच नक्षी. पण सकवारबाईला पाल्यापेक्षा फुलांचं कौतुक. बारीक, पिवळट पांढऱ्या फुलांचे घोस, आणि वास असा की संध्याकाळी मागचं दार उघडलं की चुलीवरच्या सांबाराचाही विसर पडावा.

अप्पाजींची तिसरी पाळी असली की ते सकाळी घरी येत आणि भर उजेडात झोपायची खटपट करत. झोप यायची नाही. तेव्हा सकवारबाई मेंदीच्या फुलांचा एक घोस त्यांच्या उशीखाली सारायची. इकडच्या घराघरांतला हा जुना उपाय, झोपेसाठी. औषधानं झोप यायची की ती काहीतरी करते आहे या जाणिवेनं, ते त्यांनी कधी तपासलं नाही. आयुष्यात न तपासलेली ती एकच गोष्ट. ती गेल्यावर ते स्वतःच फुलं तोडून स्वतःच्या उशीखाली ठेवायला लागले.

आता मागच्या खोलीत नित्या झोपायची, आणि खोकल्यानं पोर तळमळत होती. माणूस दुसऱ्याला तेच देतो जे त्याला कधीतरी उपयोगी पडलेलं असतं. अप्पाजींनी तिच्या उशीखाली फुलं ठेवली.

पहिल्याच आठवड्यात फुलांना मुंग्या लागल्या आणि सुष्मितानं अंथरूण झटकताना त्या पाहिल्या. "मामंजी, औषध चालू आहे नं? आणिक हे घरचं कशास? नको," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, पण 'नको' स्पष्ट होतं.

दुपारी अप्पाजींनी जुन्या धोतराच्या मऊ कापडाची तळहाताएवढी पिशवी शिवली. इंचाला बारा टाके, फौजेच्या मापानं. रोज संध्याकाळी ताजी फुलं त्या पिशवीत, पिशवी उशीच्या अभ्र्यात आत सरकवलेली, आणि सकाळी सुष्मिता उठायच्या आत बाहेर. शिवणीत दोष काढायला कुणाला जागा ठेवली नव्हती.

"कण्णा," त्यांनी नित्याला जवळ घेऊन सांगितलं, "हे अम्मास सांगू नको. हे तुझं-माझं."

"गुपित?" नित्याचे डोळे चमकले.

"गुपित."

रजिस्टरात या पिशवीला रकाना नव्हता. ते लपवायचं म्हणून नव्हे, अप्पाजींना तो सुचलाच नाही. रजिस्टर दोषांचं होतं. दुरुस्तीची नोंद दोषांत कोण करतं? ज्या दिवशी खोकला जास्त, त्या दिवशी ते दोन घोस जास्त ठेवत, आणि दुसऱ्या दिवशी खोकला आणखी वाढला की वाऱ्याच्या रकान्याकडे संशयानं बघत.

एप्रिलमध्ये झुडूप असं फुललं की पानं दिसेनात. नित्याच्या शाळेला सुट्टी लागली, आणि त्याच आठवड्यात एका पहाटे तिला श्वास घेता येईना. "अप्पाजी" एवढंही ती एका दमात म्हणू शकत नव्हती. अप् म्हणून थांबायची, श्वास ओढायची, मग पुढचं. विजयेंद्रनं तिला उचलून जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथे नाकातोंडावर मास्क लावून वाफेतून औषध दिलं तेव्हा तासाभरानं ओठांना रंग आला. अप्पाजी बाहेरच्या बाकावर रजिस्टर मांडीवर घेऊन बसले होते. शिट्टीच्या रकान्यात काय लिहावं हे त्यांना सुचत नव्हतं.

"आता पुरे," घरी आल्यावर सुष्मिता विजयेंद्रला म्हणाली. "एग्मोरला त्या ॲलर्जीच्या डॉक्टरीणबाई आहेत, त्यांस दाखवू. त्यांनीपण हवाच वाईट मटली तर जूनपासून मैलापूर. मज दुसरं काही ऐकायचं नाही."

विजयेंद्रला बँकेच्या कामानं कोईमतूरला जावं लागलं, म्हणून त्या शुक्रवारी एग्मोरला तिघंच गेली. सुष्मिता, नित्या, आणि बगलेत रजिस्टर घेतलेले अप्पाजी.

डॉक्टर रम्या पन्नाशीच्या, अंगानं बारीक, आणि घाई नसलेल्या. त्यांनी आधी नित्याच्या नाकावरची रेघ पाहिली आणि तमिळमध्ये विचारलं, "नाक घासत हा सॅल्यूट कुणाला करतेस दिवसभर?" नित्या हसली. मग तिच्या हातावर पेनानं आकडे घातले, प्रत्येक आकड्याशी एकेक थेंब, आणि थेंबातून सुईचं टोक नुसतं टेकवलं. वीस मिनिटं थांबायचं होतं. थांबता थांबता डॉक्टरांनी रजिस्टर मागून घेतलं.

अप्पाजींनी ते दिलं आणि ताठ बसले. कारखान्यात मोठा साहेब तपासणीला आला की ते असेच बसत.

डॉक्टरांनी पहिल्या पानापासून वाचलं. "एवढं व्यवस्थित माझे विद्यार्थीपण लिहीत नाहीत," त्या म्हणाल्या. अप्पाजींची मान आणखी ताठ झाली. वीस मिनिटांनी त्यांनी नित्याचा हात दिव्याखाली धरला. दोन-तीन ठिकाणी डासानं चावल्यासारख्या गांधी उठल्या होत्या. एक घरातल्या धुळीची, लहान. बाकीच्या, फुलांच्या परागांच्या, बऱ्यापैकी मोठ्या.

"परागाची ॲलर्जी आहे, हे नक्की," डॉक्टर म्हणाल्या. "पण कुठल्या झाडाची, ते या बाटल्या पूर्ण सांगत नाहीत. प्रत्येक झाडाची बाटली नसते. ते घरच्यांनी शोधायचं. आणि हे रजिस्टर जवळजवळ सांगतंच आहे. बघा, सकाळी उठल्यावर सगळ्यात वाईट. शाळेत दहापर्यंत बरी. रविवारी दुपारी झोपली की पुन्हा वाईट. मैलापूरला काहीच नाही. आवडीची हवा वाईट असती तर शाळेतही त्रास झाला असता. शाळा आवडीतच आहे ना?"

सुष्मितानं मान हलवली.

"म्हणजे हवा नाही. झोपताना तिच्या जवळ काहीतरी असतं. घरात कुठलं फुलझाड?"

"खिडकीबाहेर मरुदाणीचं झुडूप आहे, फुलतंय सध्या," सुष्मिता म्हणाली. "पण फुलं आत कोणी आणत नाही. मी एकदा पाहिली होती, मग बंद केलं."

"नक्की?" डॉक्टरांनी नित्याकडे वळून विचारलं. "तुझ्या अंथरुणात, उशीत, कधी फुलं असतात का गं?"

नित्यानं अप्पाजींकडे पाहिलं. अगदी थोडं, डोळ्यांच्या कोपऱ्यातून. मग डॉक्टरांकडे सरळ बघून ती म्हणाली, "इल्लै."

नाही. तिनं हे इतक्या स्वच्छ सांगितलं, की माहीत नसतं तर अप्पाजींनीही विश्वास ठेवला असता. बोलताना तिच्या छातीत शिट्टी वाजत होती. श्वासाला अडखळणारं ते लेकरू त्यांच्या शब्दाला जागत होतं.

गप्प राहिलं तर कुणाला कळणार नव्हतं. पिशवी आज रात्रीच जाळता आली असती. झुडूप तोडलं असतं, पोर बरी झाली असती, आणि सुनेच्या नजरेतून उतरायची वेळ आली नसती. चौतीस वर्षं ज्या माणसानं दुसऱ्याचा एक टाका माफ केला नाही, तो एवढा हिशेब क्षणात करून मोकळा झाला. आणि त्याची त्याला फार लाज वाटली.

"असतात," ते म्हणाले. "रोज असतात. मी ठेवतों. तिच्या तलगाणीच्या अभ्र्यात, पिशवी करून. ऑगस्टपासून. झोप यावी मणून. तिला मीच सांगितलं होतं, सांगू नको मणून."

सुष्मितानं त्यांच्याकडे पाहिलं आणि मान फिरवून भिंतीवरचा फुफ्फुसांचा तक्ता बघत राहिली.

डॉक्टर मात्र रागावल्या नाहीत. माझी आजीही ठेवायची, एवढं म्हणून त्यांनी कागद पुढे ओढला. झुडूप उपटायची गरज नाही, त्यांनी सांगितलं. पानांचा त्रास नाही, पराग फुलात असतो. कळी धरायच्या आत छाटत राहायचं. छाटणाऱ्यानं नाक-तोंड बांधायचं, आणि तेव्हा पोर घरात नको. उशी नवी, अभ्रे, पडदे गरम पाण्यात. सकाळी ती खिडकी बंद. फुलं घरात कुठेच नकोत, कुणाच्याच खोलीत, कारण पराग कपड्यांवरून फिरतो. रोज तोंडाला लावायच्या नळीच्या डब्यातून श्वासात औषधाचे दोन झोत, नाकात फवारा, आणि श्वास लागला तर काय करायचं ते वेगळ्या कागदावर. "औषध आपल्या मनानं थांबवायचं नाही. धुळीचाही थोडा भाग आहे, म्हणून एका दिवसात जादू होणार नाही. तीन आठवडे तिला आजोळी ठेवा, घर साफ करा, मग आणून बघा. आणि तुम्ही," त्या अप्पाजींना म्हणाल्या, "हे रजिस्टर चालू ठेवा. फक्त एक रकाना वाढवा. मोठी माणसं काय करतात, त्याचा."

जिन्याशी आल्यावर सुष्मितानं नित्याला पाण्याची बाटली देऊन बाकावर बसवलं आणि ती अप्पाजींपाशी आली.

"फुलांचं मज काही नाही, मामंजी," ती हळू आवाजात म्हणाली. "तुम्हास कळलं नाही, मजपण कळलं नाही. पण माझं लेकरू माझ्यासमोर लटकं बोललं. मूच्चु लागला असताना, श्वास पुरत नसताना. ते तिनं कोणाकडून शिकावं?"

सुष्मिता नित्याला घेऊन रिक्षानं मैलापूरला गेली. अप्पाजी लोकलनं पार्क स्टेशनला उतरून, रस्ता ओलांडून आवडीच्या गाडीत बसले. सगळ्या वाटेत त्यांनी एकाही माणसाच्या सदऱ्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी नाकाला ओला पंचा बांधून त्यांनी झुडूप छाटलं. कात्रीच्या प्रत्येक घावाबरोबर पिवळी धूळ उडायची. इतकी वर्षं त्यांना तिथे फक्त वास दिसला होता, धूळ दिसली नव्हती. गुडघ्याएवढे काटेरी खुंट राहिले. पडदे धुतले, नवी उशी आणली, पंख्याची पाती पुसली. नित्याची पिशवी उसवून टाकली. मग ते आपल्या खोलीत गेले आणि स्वतःच्या उशीखालचा घोस काढला. कुणाच्याच खोलीत नको, डॉक्टर म्हणाल्या होत्या. तो सुकलेला घोस त्यांनी नाकाशी धरला. सहा वर्षं झोपेच्या वेळी सकवारबाई त्या वासापुरती घरात असायची. अप्पाजी बराच वेळ उभे राहिले, आणि मग त्यांनी तो घोस बाकीच्या फांद्यांबरोबर कचऱ्याच्या गाडीत टाकला.

त्या दिवसापासून त्यांना झोप येईना.

सुष्मिता आणि विजयेंद्र त्या तीन आठवड्यांत मैलापूरहूनच ऑफिसला जात. रोज संध्याकाळी सुष्मिताचा फोन यायचा. आधी नुसते आकडे असायचे. "शिंका दोन. खोकला निल. शिट्टी निल." अप्पाजी लिहून घेत. आठवड्यानंतर ती शेवटी विचारायला लागली, "तुम्ही बरे की?" आणि ते म्हणत, "बरा."

मेच्या मध्यावर नित्या परत आली. मैलापूरच्या शाळेचा फॉर्म सुष्मिताच्या पर्समध्ये भरलेला होता. अप्पाजींनी तो पाहिला होता. "दोन आठवडे बघू, मग ठरवू," ती म्हणाली, आणि त्यांनी मान हलवली. सगळं त्या दोन आठवड्यांवर येऊन ठेपलं होतं.

पहिल्या दिवशी शिंका चार. दुसऱ्या दिवशी तीन. पाचव्या दिवशी शेजाऱ्यांनी माळा झाडला, त्या धुळीनं खोकला आला. कागदावर लिहिल्याप्रमाणे नळीचा डबा तिच्या तोंडाला लावून अप्पाजींनी झोत मोजले, आणि अर्ध्या तासानं पोर अंगणात लंगडी घालत होती. सातव्या दिवशी निल. आठव्या दिवशी निल. खुंटांना कोवळी पालवी फुटली होती. रोज सकाळी अप्पाजी पंचा बांधून कळी शोधत फिरायचे आणि दिसली की खुडायचे. त्यांचा अंगठा आता शिवणींऐवजी फांद्यांवरून फिरत होता.

अकराव्या दिवशी रविवार होता. सुष्मिता आत दोशे घालत होती. नित्या ओसरीवर रजिस्टर घेऊन बसली होती आणि आपले निल मोजत होती. मग तिचं बोट नव्या, शेवटच्या रकान्यावर गेलं. वर नाव लिहिलं होतं, अप्पाजी. खाली त्यांच्या बारीक अक्षरात, अभ्रा बदलला. खिडकी लावली. कळ्या सहा. आणि प्रत्येक नोंदीच्या शेवटी, झोप निल.

ती बोट खाली खाली नेत गेली. झोप निल, झोप निल. मग मागचं पान उलटलं. तिथेही तेच.

"अप्पाजी, तुम्ही झोपतच नाही?"

"येते थोडी. पहाटेला."

"कां?"

"माझ्या तलगाणीखालीपण फुलं असायची, कण्णा. तुझी पाट्टी ठेवायची. आता नाहीत."

नित्यानं यावर विचार केला. मग तिनं स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं, त्यांच्या कानाशी आली आणि त्यांनीच शिकवलेल्या आवाजात, अगदी हळू विचारलं, "हे पण अम्मास सांगायचं नाही?"

तिच्या श्वासाचा वारा कानाला लागत होता. शिट्टी नव्हती.

"नाही, कण्णा," ते म्हणाले. "जा. सांग अम्मास."

"अस्कं?"

"अस्कं सांग. काही राखून ठेवू नको."

ती धावत आत गेली. आतून तिचा खणखणीत आवाज आला, पाट्टी, फुलं, निल, सगळं एका दमात. गॅस बंद झाल्याचा आवाज आला. सुष्मिता ओल्या हातांनीच बाहेर आली, तिनं रजिस्टर उचललं आणि तो रकाना वरून खाली वाचला. वाचताना तिचा अंगठा ओळीवरून फिरत होता.

"महिनाभर झाला," ती म्हणाली. "रोज फोनवर मी विचारायची, आणि तुम्ही बरा मणायचे."

"हो. चुकलं," अप्पाजी म्हणाले. हा शब्द त्यांनी दुसऱ्यांच्या कामावर हजारदा लिहिला होता, स्वतःसाठी तोंडातून काढला नव्हता.

सुष्मिता त्यांच्या शेजारी पायरीवर बसली. मग म्हणाली, "मंगळवारी डॉक्टरीणबाईंकडे जायचं आहे. हे पानपण दाखवू. झोपेचं त्या काहीतरी सांगतील." ती पुढे म्हणाली, "आणिक मैलापूरच्या शाळेत मी शुक्रवारीच नको मणून कळवलं. तुम्ही विचारलं नाहीत, मीपण सांगितलं नाही. राग होता थोडा."

नित्या दारात उभी राहून दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. "मणजे अम्मापण?" तिनं विचारलं.

अप्पाजींनी डोळे पुसले, चष्मा नीट केला, पेन उघडलं, आणि त्या दिवसाच्या शेऱ्याच्या रकान्यात कारखान्याच्या पद्धतीनं लिहिलं, 'सर्वांस कळविले.' मग रजिस्टर मिटून ते दोशे खायला आत गेले.